स्विच पोर्टची डीटीएस लिहिताना या चुका टाळा

"राऊटरच्या डब्यावर १ छापलंय, फाईलमध्येही १ लिहिलं, तरी केबल लावली की दुसराच पोर्ट जागा होतो." हे गाऱ्हाणं इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी डीटीएस फाईल मागतो, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्स कर्नलला सांगणारी फाईल. दहापैकी आठ वेळा ती दुसऱ्या कुठल्यातरी राऊटरची निघते, फक्त मॉडेलचं नाव बदललेलं.

पोर्ट नोडमधला (फाईलमधल्या त्या पोर्टच्या कप्प्यातला) 'रेग' म्हणजे स्विच चिपच्या, पोर्ट एकमेकांना जोडणाऱ्या चिपच्या, आतला क्रमांक. डब्यावर काय छापलंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बोर्ड आखणाऱ्याने ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) जिकडून सोयीचे पडले तिकडून नेलेले असतात, त्यामुळे डब्यावरचा १ चिपचा ३ किंवा ४ असणं अगदी नेहमीचं. डब्यावरचं नाव 'लेबल'मध्ये जातं. त्यातही चिपागणिक मांडणी वेगळी. एमटी७५३० या स्विच चिपमध्ये ० ते ४ बाहेरचे आणि ५, ६ प्रोसेसरकडचे. क्यूसीए८३३७ मध्ये ० आणि ६ प्रोसेसरकडे, बाहेरचे १ ते ५, आणि त्यांचे आतले फाय (केबलचे सिग्नल हाताळणारे भाग) मात्र ० ते ४. म्हणजे पोर्ट १ चा फाय ०. इथे एकाने घसरलात की केबल एका भोकात आणि लिंक दुसऱ्याच पोर्टवर दिसते.

माझी सवय सांगतो. पहिल्या बिल्डमध्ये लेबलं 'पी०', 'पी१', 'पी२' अशीच ठेवतो. सिरियल कन्सोल उघडा ठेवून एकच केबल एकेका भोकात खुपसायची, कर्नल कुठल्या नावाची लिंक लागल्याचं सांगतो ते कागदावर लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते सोडून अंदाजाने आकडे फिरवत वीस वेळा फ्लॅश करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना घाई होती म्हणे.

काही चुका एकेका ओळीच्या. प्रोसेसरकडच्या पोर्टला 'इथरनेट' हा दुवा द्यायला विसरलात तर डीएसए (कर्नलचा स्विच सांभाळणारा भाग) 'नो सीपीयू पोर्ट' म्हणून स्पष्ट तक्रार करतो, ती वाचा. 'फिक्स्ड-लिंक' (वेग आधीच ठरवून दिलेली जोडणी) दोन्ही टोकांना लागतो, स्विचच्या पोर्टवर आणि प्रोसेसरच्या मॅकवरही (त्याच्या इथरनेट कंट्रोलरवरही). मूळ डीटीएसआयमध्ये (तुमची डीटीएस जिच्यावर उभी असते त्या सामायिक फाईलमध्ये) मॅक 'डिसेबल्ड' असेल आणि तुम्ही तो चालू केला नसेल, तर स्विच त्याची वाट बघत मुकाट बसून राहतो. डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) डिफर्ड, म्हणजे ताटकळलेल्यांच्या, यादीत त्याचं नाव सापडेल. रीसेट जीपीआयओची (चिप रीसेट करणाऱ्या पिनची) ॲक्टिव्ह-लो, ॲक्टिव्ह-हाय अदलाबदल झाली तर चिप कायम रीसेटमध्येच अडकते आणि एमडीआयओवर (चिपची रजिस्टर वाचायच्या तारेवर) काहीही वाचा, सगळे एफ येतात. आणि नोडच्या नावात '@' नंतरचा आकडा हेक्स असतो, म्हणून १० क्रमांकाचा पोर्ट '@ए'.

आता माझं स्वतःचं दुखणं. एका बोर्डावर लिंक लागायची, दिवे लुकलुकायचे, सकाळी पिंगही जायचा. अर्ध्या तासाने बोर्ड तापला की पिंग गळायला लागायचा, मग बंदच. दोन दिवस मी केबल, अडॅप्टर, फाय यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी इथटूल या कमांडने मोजणी काढली: प्रोसेसरकडून पॅकेट नीट निघत होती, आणि स्विचच्या सीपीयू पोर्टवर सीआरसीच्या (पॅकेट वाटेत बिघडल्याच्या) चुका भराभर वाढत होत्या. म्हणजे भानगड बाहेर नव्हती, दोन चिपांमधल्या दीड-दोन इंचांत होती.

या दोन चिपांना जोडणाऱ्या आरजीएमआयआयमध्ये गिगाबिटला घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं, दोन्ही कडांवर डेटा, म्हणजे एक बिट ४ नॅनोसेकंद टिकतो. घड्याळाची कड त्याच्या मधोमध पडावी म्हणून साधारण २ नॅनोसेकंदांचा उशीर लागतो, आणि तो कुठल्यातरी एकाच टोकाने द्यायचा. इथे बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) प्रोसेसरच्या मॅकमध्ये तो आधीच चालू करून ठेवला होता, कर्नलचा ड्रायव्हर त्या रजिस्टरला हात लावत नव्हता, आणि मी स्विचच्या बाजूनेही २००० पिकोसेकंद दिले होते. दोन अधिक दोन चार, कड पुन्हा बिट बदलायच्या क्षणावर. थंड असताना नशिबाने निभावत होतं, इतकंच.

तेव्हापासून 'आरजीएमआयआय-आयडी' लिहून बघू, नाहीतर 'टीएक्सआयडी' लिहून बघू, असं चाचपणं मी सोडलं. उशीर प्रोसेसर देतो, समोरची चिप देते की ट्रेसच लांब ठेवलाय, हे स्कीमॅटिक आणि रजिस्टर बघून ठरवतो, मगच तो शब्द लिहितो. उशिराच्या शब्दाचे चारही पर्याय फिरवून 'चालला' तो ठेवणाऱ्यांचा बोर्ड उन्हाळ्यात परत येतो.

आणि एवढं करूनही बदल दिसतच नसेल, तर बूटलोडर जुनीच डीटीबी (डीटीएसवरून बनलेली बायनरी फाईल) उचलतोय का ते बघा. चालू सिस्टीमवर प्रॉकमधल्या डिव्हाइस-ट्री फोल्डरमध्ये जाऊन स्विचचा नोड उघडायचा आणि लेबल वाचायचं. तुम्ही काल लिहिलेलं तिथे नसेल तर फाईल सुधारत बसू नका, फ्लॅशमध्ये नेमकं काय गेलंय ते आधी शोधा.