तळघरांची भूकंपरोधक रचना : या चुका टाळा

तळघर चारही बाजूंनी मातीत रुतलेले असते, म्हणून भूकंपाचा विचार तळमजल्यापासून वर केला की पुरे, या समजुतीवर बेतलेली मॉडेल्स तपासून आता कंटाळा आला आहे. संगणकातल्या मॉडेलमध्ये इमारत तळमजल्याच्या पातळीला ‘फिक्स’ केली, म्हणजे तिथे ती हलतच नाही असे धरले, की आकडे देखणे येतात. मात्र खरा प्रश्न जिथे सुरू होतो, तिथेच ते मॉडेल संपलेले असते.

उंच इमारतीची लिफ्टभोवतीची शिअर वॉल (भूकंपाचे आडवे बल पेलणारी भिंत) तळघरात उतरते, तेव्हा तळमजल्याचा स्लॅब तिला कडेच्या ताठर रिटेनिंग वॉलशी (माती अडवणाऱ्या भिंतीशी) जोडतो. परिणामी तळघरात शिअर वॉलमधील शिअरची (आडव्या कातरबलाची) दिशा उलटू शकते आणि कधी तो वरच्या शिअरहून मोठाही भरतो. तपासणीसाठी आलेल्या एका ड्रॉइंगमध्ये शिअर वॉल उत्तम होती, पण तिला खेटूनच रॅम्पसाठी स्लॅबमध्ये लांबलचक कटआउट ठेवला होता. ज्या वाटेने बल रिटेनिंग वॉलपर्यंत पोहोचायचे, त्या वाटेवर स्लॅबच नव्हता आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत केवळ उभ्या भारापुरती सळई होती. विचारणा केल्यावर ‘डायफ्रॅम रिजिड धरला आहे’, म्हणजे स्लॅब आडव्या बलाखाली आकार बदलतच नाही असे मानले आहे, असे शांतपणे सांगण्यात आले. रॅम्प हलवावा लागला, तोही खोदकाम सुरू झाल्यावर.

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मी तळमजल्याच्या नकाशावर पेन्सिलीने बलाची वाट काढतो. मग एकदा स्लॅब ताठर आणि एकदा तडे जाऊन मऊ झालेला धरून विश्लेषण करतो, कारण पहिल्यात स्लॅबवरचे बल वाढते आणि दुसऱ्यात पायावरचा मोमेंट (उलथवू पाहणारा परिणाम). घाईतले नवशिके दोन्हींची सरासरी घेतात. ती कोणत्याच टोकाला सुरक्षित नसते.

मॉडेलमध्ये मातीच्या जागी धरलेल्या स्प्रिंगना ताण घेऊ देऊ नये. माती ढकलते, ओढत नाही. स्लॅबने वरखाली धरलेल्या भिंतीवर, ती सरकू शकते असे मानून काढलेला कमी दाब लावू नये. उताराच्या जागेवर एकाच बाजूने येणारा मातीचा दाब भूकंपाच्या बलात मिळवावा.

‘बल भिंतीच घेतात’ म्हणून तळघरातील कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी) विरळ करण्याची काटकसर तर मला मुळीच मान्य नाही. जपानमधील 1995 च्या कोबे भूकंपात दाइकाई भुयारी स्थानकाचे मधले कॉलम शिअरने मोडले, छत कोसळले आणि वरचा रस्ता खचला. बाहेरच्या भिंती तिथेही होत्याच.