घूंऽऽ गेली एकदाची

मंगळवार पेठेतल्या घरात बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात होता. त्याला लॅपटॉप जोडला, तर गाण्याआधीच घूंऽऽ सुरू. वायर बदलली, पिना घासल्या, काही फरक नाही. एकदा सहज चार्जर काढला आणि घूं गप्प!

म्हणजे दोन्ही यंत्रं आपापल्या प्लगातून अर्थिंगला जोडलेली आणि ऑडिओच्या वायरनं तो फेरा पूर्ण होत होता. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर त्यातूनच शिरायची. एकानं चार्जरची अर्थची पिनच काढून टाक म्हणून सांगितलं. तसलं काही करू नका, शॉक बसेल. मी लक्ष्मीपुरीतनं ३०० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर आणला. आत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. गाणं पलीकडं जातं, अर्थिंगचा फेरा तुटतो.

मग शोकेसच्या कोपऱ्यातले स्पीकर स्टुलांवर, कानाच्या उंचीला आणले. ढबढब निम्मी झाली. आईची कुरकुर मात्र चालू आहे.

पहिल्यांदा लावल्या गायिका केसरबाई केरकर, कोल्हापूर दरबारच्या गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. खरखर होतीच, पण ती जुन्या तबकडीची. बाबा म्हणाले, “ती राहू दे.”