धूर शोधायला बसण्याआधी

कॅनडात वणवे पेटले की न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मला हमखास विचारणा होते, "काय हो, धूर इकडे येतोय का?" मागच्या खेपेला उपग्रहाची चित्रं बघून मी छातीठोकपणे सहल रद्द करायला लावली. धूर आला, पण डोक्यावरून निघून गेला. खाली हवा स्वच्छ होती आणि भेळेचे चुरमुरे आठवडाभर माझ्या गॅरेजमध्ये मऊ पडत होते. म्हणून ही यादी.

नासाचं वर्ल्डव्ह्यू, म्हणजे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ, उघडायचं, हे सांगायला नको. पण त्याच्याही आधी जमिनीवर हवा किती खराब आहे ते मोजणाऱ्या यंत्रांचा नकाशा, एअरनाऊ या संकेतस्थळावरचा, दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा. आत्ताच. 'नंतर बघू' म्हटलं की राहतो. माझा राहिला.

मग लाल ठिपके, म्हणजे आगीच्या जागा. व्हिअर्स आणि मोडिस ही उपग्रहांवरची दोन उपकरणं. व्हिअर्सचे घ्या, ते ३७५ मीटरपर्यंत बारीक दाखवतात; मोडिसचा ठिपका एक किलोमीटरचा. दाट ढगाखाली आग दिसत नाही, तेव्हा ठिपका नाही म्हणजे वणवा विझला असं धरू नका. धूर आणि ढग यांत गल्लत होतेच. ढग पांढराशुभ्र, धूर मळकट, कडा विरलेल्या, आणि मागे मागे गेलं की तो ठिपक्यांपाशी पोचतो. तरी शंका असेल तर गोज उपग्रहाची हलती चित्रं लावा, अमेरिकेवर दर पाच मिनिटांनी नवं येतं. सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधी बघा. तिरप्या उन्हात धूर उठून दिसतो, भर दुपारी पुसट होतो. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपल्या वेळेसाठी उन्हाळ्यात चार तास वजा करा.

आता परत तेच. उपग्रह वरून बघतो. धूर चार किलोमीटरवर आहे की तुमच्या नाकापाशी, हे साध्या चित्रात कळत नाही. ७ जून २०२३ ला क्युबेकचा धूर खरोखर खाली उतरला होता. ईशान्येला मेन राज्य आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र होतं, त्याच्या उत्तरेच्या वाऱ्यांनी तो थेट आपल्यावर आणला आणि न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. ती धास्ती माझ्या मनात बसलेली. सहलीच्या वेळचा धूर मात्र पश्चिम कॅनडातून, कित्येक दिवसांचा प्रवास करून, उंचावरून आलेला. सूर्य तांबडा, आकाश दुधट, आणि यंत्राचा आकडा हिरवा, म्हणजे हवा चांगली! तो आकडा बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या, नकाशात धुराचे विरळ, मध्यम, दाट असे पट्टे आखलेले असतात. तेही वरूनच बघून आखलेले, उंची सांगत नाहीत. एअरोसोलच्या, म्हणजे हवेतल्या बारीक कणांच्या, नकाशात कोरी जागा दिसली तर खूश होऊ नका. फार दाट धुराला कधीकधी ढग समजून गाळलेलं असतं.

उद्याचा अंदाज हवा तर एचआरआरआर स्मोक, हे नोआचं धुराचा अंदाज देणारं संगणकी मॉडेल. त्यात दोन नकाशे असतात, जमिनीलगतचा धूर आणि वरपर्यंतचा एकूण धूर. पहिला बघा. मी दुसरा बघितला होता.

बाकी वारा, पाऊस, नेहमीचंच. चित्र तारीख-वेळेसकट जपून ठेवा. ग्रुपवर काहीही टाकण्याआधी यंत्राचा आकडा परत एकदा बघा, सहलीच्या दिवशी सकाळी सातला तर नक्कीच. चुरमुरे त्यानंतर आणा.