उपग्रहाचा नकाशा बघताना एका दिवसावर जाऊ नका

मुंबईतल्या माहुल-चेंबूरच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड (वाहनांच्या, वीजकेंद्रांच्या धुरातला घातक वायू) उपग्रहातून बघायचाय? मग महिन्याची सरासरी घ्या, तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. पावसाळ्यात ढगांमुळे नोंदी तुटक मिळतात. २०१७ साली सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह मुंबईवरून दुपारी दीडच्या सुमारास जातो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या ट्रॅफिकचा धूर त्याला दिसत नाही. त्याच्या नकाशातला एक चौकोन, म्हणजे एका आकड्यात मोजलेला भाग, साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आणि जवळची वस्ती त्या एकाच चौकोनात येऊ शकतात! शिवाय आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा असतो, आपल्या नाकाशी असलेल्या हवेचा नाही. घरात दम्याचं मूल असेल तर त्याला खेळायला सोडण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचा आकडाच बघा.