वंचित घरांतल्या किशोरांचा पहिला धंदा: आधी गिऱ्हाईक, मग भांडवल

शिलाई मशीन, हत्यारांची पेटी किंवा एकरकमी पैसे वाटून सुरू झालेले उपक्रम बहुधा फोटोपुरतेच टिकतात. वस्तू हातात येते, पण ती वापरून केलेले काम विकत कोण घेणार, हे कुणी विचारलेलेच नसते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी गिऱ्हाईक, मग काम, आणि भांडवल सगळ्यात शेवटी.

वय आणि कागदपत्रे

१५ ते १८ वयाच्या ८ ते १० जणांचा गट घ्या. त्याहून मोठा गट एका मार्गदर्शकाला झेपत नाही, कारण दर आठवड्याला प्रत्येकाची वही नीट बघणे होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात कामासाठी सर्वसाधारण किमान वय १५ आणि धोक्याच्या कामासाठी १८ धरले आहे. स्थानिक कायदा याहून कडक असेल तर तोच पाळायचा. शिवाय १८ च्या आतल्यांनी केलेला करार बहुतेक ठिकाणी बंधनकारक ठरत नाही. त्यामुळे उधारीवर माल, भाड्याची जागा, बँक खाते यांसाठी पालक किंवा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेची सही लागते. पालकांची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात घ्या आणि त्यात कामाचे तास लिहा. शाळेच्या दिवसांत रोज दोन तास पुरे. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे काम बंद.

धंदा निवडणे

मुलांना ‘तुला काय आवडते?’ असे विचारले की टीव्हीवर दिसणारी उत्तरे येतात. त्याऐवजी त्यांना घराजवळच्या २० घरांत पाठवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: गेल्या महिन्यात कोणते काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतले? ‘असे कुणी केले तर घ्याल का?’ हा प्रश्न टाळा. त्याला सगळे हो म्हणतात आणि वेळ आली की कुणी येत नाही.

आलेल्या यादीतून तीन चाळण्या लावून काम निवडा. पहिला पैसा आठवड्याच्या आत हातात यावा, माल पडून खराब होऊ नये, आणि काम दोन आठवड्यांत शिकता यावे. सायकल दुरुस्ती, कपड्यांची किरकोळ शिवण, रोपे तयार करणे, ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवणे ही कामे बहुधा या चाळण्यांतून उतरतात. मग पाच जणांकडून आगाऊ काम मिळवायला सांगा, थोडे पैसे घेऊन. पाच मिळाली नाहीत तर काम बदला, समजूत घालत बसू नका.

काम पक्के शिकणे

सायकलचे पंक्चर घ्या. साहित्य थोडेच लागते: टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, पाण्याचे घमेले, सँडपेपर, पॅच, रबर सोल्युशन, ८, १० आणि १५ मिलिमीटरचे पाने. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. जागा कोरडी करून घासायची, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर सोल्युशनचा पातळ थर द्यायचा. इथेच नवशिके घाई करतात. सोल्युशन ओले असतानाच पॅच दाबला तर तो दुसऱ्या दिवशी सुटतो आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. काही मिनिटे थांबून, ओली चमक गेल्यावरच पॅच बसवायचा. टायर परत चढवण्याआधी आतून हळूच बोट फिरवून काटा किंवा काच राहिली नाही ना हे बघायचे. ते राहिले तर नवे पंक्चर ठरलेलेच. कोणत्याही कामात अशी एक-दोन ठिकाणे असतात. ती शोधून भिंतीवर लिहा आणि एखाद्या जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली १० कामे विनामोबदला करून घ्या. अकराव्यापासून पैसे.

भाव ठरवणे

मुले शेजारच्या दुकानाच्या भावातून थोडे कमी करतात आणि त्यालाच हिशेब म्हणतात. एका कामाचा खर्च असा काढायला शिकवा: लागलेला माल, जाण्यायेण्याचा खर्च, हत्यारांची झीज आणि स्वतःच्या वेळेचा मोबदला. पंप साधारण ३०० कामे टिकेल असे धरले, तर त्याच्या किमतीचा तीनशेवा भाग प्रत्येक कामावर पडतो. वेळ मोजताना गिऱ्हाइकाची वाट बघण्यात गेलेला तासही धरायचा. हत्यारांवर ६०० खर्च झाले आणि माल, प्रवास वजा जाता एका कामामागे १५ उरत असतील, तर ४० कामे होईपर्यंत हत्यारांचेच पैसे फिटत असतात. हे आकडे मुलांनी स्वतः मांडावेत. मार्गदर्शकाने खडू हातात घेतला की मुले मान डोलावतात, शिकत काहीच नाहीत.

भांडवल आणि वही

पैसे देणगी म्हणून देऊ नका, बिनव्याजी उसने द्या. दोन हप्त्यांत द्या: पहिला आगाऊ कामे मिळाल्यावर, दुसरा चार आठवड्यांची वही पूर्ण भरलेली दिसल्यावर. वहीत पाच रकाने: तारीख, आले, गेले, उधारी, शिल्लक. रोज रात्री मोजलेली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली पाहिजे.

कमाईचे तीन भाग वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा: माल पुन्हा घेण्यासाठी, उसने फेडण्यासाठी, स्वतःसाठी. मालाचे पाकीट संस्थेत राहू द्या. घरात अडचण आली की समोर दिसणारी रोकड आधी जाते, आणि पोराला नाही म्हणता येत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, पण धंदा मात्र तिथेच बंद पडतो. नातेवाइकांची उधारी हे दुसरे भोक. ‘संस्थेचा नियम आहे, उधार नाही’ असे छापील पाटीवर लिहा. मग वाईटपणा मुलावर येत नाही.

दुसऱ्याकडे कामाचा अनुभव

ज्यांना धंदा रुचत नाही त्यांना सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन तास एखाद्या लहान व्यवसायात पाठवा. मालकाशी एकपानी लेखी करार करा: कोणती तीन कामे शिकवणार, कोण शिकवणार, मोबदला आणि प्रवासखर्च किती, कोणत्या यंत्राला हात लावायचा नाही. कामांची यादी नसेल तर मुलगा झाडलोट आणि निरोप्याच्या कामातच अडकतो. पहिल्या आठवड्यानंतर जाऊन बघा, पण मालकासमोर मुलाला ‘बरं चाललंय का?’ विचारू नका. उत्तर ठरलेले असते. बाहेर, एकट्याला नव्हे तर दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर विचारा.

शेवटी मालकाकडून पत्र घ्या. ‘मेहनती व प्रामाणिक’ या शब्दांना पुढच्या नोकरीत किंमत नाही. ‘६ आठवडी हिशेब स्वतः जुळवले, रोज सरासरी ८ गिऱ्हाइके हाताळली’ अशा धर्तीचे, त्या मुलाच्या खऱ्या आकड्यांचे वाक्य लागते. मसुदा मुलानेच वहीवरून तयार करावा, मालकाने तपासून सही करावी.