बॅटरी कंटेनरचं लिक्विड कूलिंग पहिल्यांदा सुरू करताना

वीज साठवायचा २० फुटी कंटेनर, आत ३१४ एएचचे (अँपिअर-अवर) ४,९९२ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, मिळून साधारण ५ मेगावॅट-अवर. सेल इतके चिकटून बसवलेले की मधून हवा खेळायला जागाच नाही, म्हणून पॅकच्या तळाशी कोल्ड प्लेट, तिच्यातून पाणी आणि ग्लायकॉल फिरतं आणि चिलर ते थंड करतो. करंट दुप्पट झाला की सेलच्या रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता चौपट होते, तेव्हा हे काम नीटच झालं पाहिजे.

आधी प्रेशर टेस्ट. कूलंट, म्हणजे हेच पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण, भरण्यापूर्वी लूपमध्ये (ते फिरतं त्या बंद पाइपांत) नायट्रोजन भरा, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच प्रेशर ठेवा आणि गेजसोबत तापमानही लिहून ठेवा, कारण दुपारी कंटेनर तापला की प्रेशर आपोआप चढतं आणि संध्याकाळी उतरतं, मग लीक नसताना लीक वाटतो किंवा उलट खरा लीक झाकला जातो.

कंटाळा आला तरी ही टेस्ट सोडू नका. ३० जुलै २०२१ला ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ व्हिक्टोरियन बिग बॅटरीचं टेस्टिंग चालू असताना एका मेगापॅकमध्ये (टेस्लाचं मोठं बॅटरी युनिट) कूलंट गळलं, शॉर्ट सर्किट होऊन आग लागली, ती शेजारच्या युनिटलाही लागली. आग सुरू झाली ते पहिलं युनिट ऑफलाइन सर्व्हिस मोडला होतं, त्यामुळे मॉनिटरिंग आणि प्रोटेक्शन पूर्ण चालू नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे, कूलंट आत असेल तर लीक आणि टेम्परेचरचे अलार्म पहिल्या दिवसापासून चालू हवेत, आणि ते कोणीतरी बघतही असायला हवं.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्या, रंग सारखा दिसतो म्हणून दुसरं मिसळू नका. बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातात. ग्लायकॉलचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर द्रवावरून प्रमाण दाखवणारं उपकरण) तपासा, जास्त टाकलं तर कूलंट घट्ट होतं आणि उष्णता कमी वाहून नेतं. भरताना घाई नको, वरचे एअर व्हेंट उघडे ठेवा, पंप कमी स्पीडला फिरवा, टाकीची लेव्हल उतरली की टॉप-अप. शेजारचे पॅक ठीक आणि एकच पॅक गरम दिसला तर तिथे हवा अडकली असेल, आधी तेच बघा.

आता सेटपॉइंट, म्हणजे कूलंट किती तापमानाला ठेवायचं ते. बरेच जण जितकं थंड तितकं चांगलं समजून तो खाली ओढतात. जुलैत कोकणात ड्यू पॉइंट (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन जमते) २४-२५ डिग्री असतो, कूलंट १८ला ठेवलं आणि दार उघडं राहिलं तर पाइपवर, प्लेटवर घाम सुटणार, आणि तिथेच पॅकच्या रॅकला १,३०० व्होल्ट डीसी आहे! दार बंद, डीह्युमिडिफायर चालू, दार उघडून काम असेल तर कूलंट आधी ड्यू पॉइंटच्या वर आणा. आणि डीसी स्विच पाडला तरी पॅकच्या आतले सेल लाइव्हच असतात.

शेवटी फुल लोडवर एक पूर्ण चार्ज-डिस्चार्ज घ्या. सर्वात गरम आणि सर्वात थंड सेलमधला फरक ५ डिग्रीच्या वर गेला तर फ्लो, हवा, थर्मल पॅड (सेलची उष्णता प्लेटपर्यंत नेणारा थर) या क्रमाने तपासा, आणि थंड झाल्यावर प्रत्येक क्विक कनेक्टरवरून (पाइप झटकन जोडायचा सांधा) कोरडा टिश्यू फिरवून ओल लागते का बघा, अर्थात बाहेरून हात पोचतो तिथेच.