जटा पाठ करताना

जटापाठ म्हणजे वेदातली पदं उलटसुलट जोडून तोंडी म्हणायची पद्धत. ती शिकायची तर पोथी मिटा, समोर बसा. पहिल्या संथेला, म्हणजे गुरूच्या मागून म्हणायच्या पाठाला, मी छापील अक्षर पाहू देत नाही, कारण डोळे पुढे धावतात नि कान मागे राहतो.

ऋग्वेदाची पहिलीच ऋचा घ्या. ‘अ’ला मान खाली, ‘ग्नि’ला सरळ, ‘मी’ला वर: हे अनुक्रमे अनुदात्त, उदात्त, स्वरित असे तीन स्वर. लहानपणी आमचे गुरुजी मागून डोकं धरूनच मान हलवायचे, टाळू दुखायची.

मग पदं सुटी करा: अग्निम्, ईळे, पुरोहितम्. क्रमपाठात ही पदं दोन-दोन जोडा: ‘अग्निमीळे’, ‘ईळे पुरोहितम्’. हे सोपं.

जटेत तीच जोडी सुलट, उलट, परत सुलट: ‘अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे’. उलटताना संधी बदलतो, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे ठाऊक नसेल तर जीभ तिथेच अडखळते. एखादं अक्षर गळालं की शेजारी बसलेल्यालाही ते लगेच कळतं. लेखणीवाचून 1028 सूक्तं टिकली ती याच पहाऱ्यावर. अर्थ? तो वेगळा शिकावा लागतो. नुसत्या जटेतून येत नाही.

घनपाठाची, म्हणजे जटेपुढच्या पाठाची, घाई नको. त्यात पदांचा 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असा फेरा असतो. आधी जटा न अडखळता म्हणून दाखवा.